'पाच वेळा नगरसेवक' : निवडणुकीची कारकीर्द लिहायची तरी कशी?

पायरी
आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आमच्या गल्लीतल्या नगरसेवककाकांवर एक पान लिहायचं काम माझ्याकडे आलंय. घरच्यांनी माहितीचा कागद दिला. त्यात सगळ्यात वर ठळक अक्षरात आहे : 'सलग पाच वेळा नगरसेवक, १९९६ ते २०२१'. नगरपरिषद ब वर्गाची, म्हणजे मध्यम आकाराच्या शहराची आहे.

अडचण अशी की २००६ची निवडणूक मला चांगली आठवते. निकालाच्या दिवशी गल्लीत गुलाल उधळला नव्हता. काका ओट्यावर एकटेच बसले होते आणि माझ्या वडिलांनी त्यांना आत बोलावून चहा दिला होता. मग 'सलग पाच' कसं?

काकांबद्दल मला खूप आदर आहे. म्हणूनच खोटं छापायचं नाही आणि घरच्यांना दुखवायचंही नाही. स्थानिक माणसाची निवडणुकीतली कारकीर्द नीट लिहायची तर काय काय तपासावं?

नदीकाठ
गेलेल्या माणसाची ओळख करून द्यायची आहे, चौकशी अहवाल नाही लिहायचा. घरच्यांनी दिलंय ते छापा.

चावडी
नदीकाठ, असहमत. वाचनालयाची स्मरणिका म्हणजे उद्याचा दस्तऐवज. वीस वर्षांनी कोणी गावाचा इतिहास लिहायला बसलं की हेच पान पुरावा म्हणून उचलणार.

पायरी, आधी काळ बघा. २०१६ला निवडून आलेल्यांची मुदत पाच वर्षांची. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ यू मध्येच ती ठरलेली आहे. त्यामुळे २०२१-२२मध्ये या सभागृहांची मुदत संपली आणि मुख्याधिकारी किंवा दुसरा अधिकारी प्रशासक म्हणून बसला. निवडणुका थेट डिसेंबर २०२५मध्ये झाल्या. म्हणजे तुमच्या कागदावरचं शेवटचं साल बरोबर दिसतंय. आता मधली सालं तपासा.

सभालिपिक
मी नगरपरिषदेच्या सभा विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. अनुभवावरून सांगतो, 'इतक्या वेळा नगरसेवक' या आकड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली : स्वतः उभं राहून निवडून येणं. दुसरी : स्वीकृत सदस्य म्हणून येणं. स्वीकृत म्हणजे निवडणूक न लढवता नेमणुकीने आलेले. पालिका प्रशासनाचं विशेष ज्ञान वा अनुभव असलेली माणसं सभागृहात असावीत, हा त्यामागचा हेतू. त्यांना सभेत बोलता येतं, मत देता येत नाही. अनुच्छेद २४३ आर मध्ये हे स्पष्ट आहे. पण घरावरच्या पाटीवर दोघंही 'नगरसेवक'च. आणि तिसरी : वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून घरातल्या बाईंनी लढवलेली निवडणूक. ती घरच्यांच्या हिशेबात सर्रास 'साहेबांची टर्म' म्हणून धरली जाते.

तुमच्या काकांच्या पाचांत यातलं काय काय आहे ते वेगळं काढा. निवडून आलेल्या सदस्यांची नावं राजपत्रात प्रसिद्ध होतात, तिथे साल आणि प्रभागासकट सापडेल. नाहीतर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला दोन रुपये, तीस दिवसांची मुदत. 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. निवडणुकीचं साल, प्रभाग, 'निकालपत्रकाची प्रत' असं नेमकं मागा.

शाई
सभालिपिककाकांच्या तिसऱ्या मुद्द्याला +१००. आमच्याकडे एका बॅनरवर उमेदवार बाईंचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि यजमानांचा दारावरच्या गणपतीएवढा. मतदानयंत्रावर नाव बाईंचं आणि आजी विचारतेय, "अगं, त्यांचं बटण कुठाय?"

पायरी
सभालिपिककाका, तुम्ही माझे डोळे उघडलेत. २०११ला काकूच उभ्या होत्या! त्यांच्या प्रचारफेरीत आम्ही पोरं पत्रकं वाटत होतो. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तळटीप
२०११ म्हटल्यावर बरोबर. त्याच वर्षी राज्यात स्थानिक संस्थांमधलं महिला आरक्षण एक तृतीयांशावरून निम्म्यावर गेलं. बऱ्याच जुन्या नगरसेवकांच्या जागा आरक्षण ठरवायच्या सोडतीत गेल्या.

सोडत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : सभागृहात टेबलावर पारदर्शक बरणी, आत सारख्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, आणि शाळेतलं एखादं लहान मूल चिठ्ठी काढतं. ते मूल निरागसपणे कागद उलगडतं आणि मागच्या रांगेत एखाद्याचा चेहरा पडतो. पाच वर्षं वॉर्डात पाय झिजवलेला माणूस एका चिठ्ठीने बाहेर जातो. म्हणून एखाद्या सालात माणूस उभाच नव्हता असं दिसलं तर 'माघार' किंवा 'पराभव' लिहिण्याआधी त्या वर्षी त्या जागेचं आरक्षण काय होतं ते बघा.

कोरा कागद
आणि प्रभाग तोच होता का, हेही बघा. प्रभाग ७ म्हणजे कायम तोच प्रभाग ७ नसतो. रचना करताना उत्तरेकडून सुरुवात करून दक्षिणेला संपवत आणतात, त्या क्रमाने नंबर पडतात. गाव वाढलं, सदस्यसंख्या बदलली की नंबर सरकतात आणि हद्दीही. शिवाय कधी एका वॉर्डातून एकच सदस्य, कधी एका प्रभागातून दोन किंवा जास्त. २०१६ला नगरपरिषदांमध्ये साधारणपणे प्रभागात दोन जागा होत्या, अ आणि ब. मतदाराने दोन नगरसेवकांना आणि एक नगराध्यक्षाला अशी तीन मतं द्यायची. एका जागेच्या छोट्या वॉर्डातला विजय आणि दोन जागांच्या दुप्पट मोठ्या प्रभागातला विजय एकाच रांगेत मांडता येत नाही.

मतांची टक्केवारीही लिहा. समजा २,१४० मतं पडली, सहा उमेदवार होते आणि जिंकणाऱ्याला ६१२ मिळाली. विजय पक्का, पण शंभरातल्या एकाहत्तर लोकांनी दुसरीकडे मत दिलेलं असतं. 'जनतेचा प्रचंड कौल' लिहिण्याआधी हा भागाकार करून बघावा.

नदीकाठ
तुम्ही सगळे कागदात अडकलात. माझा सरळ प्रश्न आहे : लोक एकाच माणसाला पुन्हा पुन्हा का निवडतात? आमच्या नगरसेवकांना मी रात्री दोन वाजता फोन केला होता. वडील गेले होते, पहाटे अंत्यविधी करायचा होता आणि स्मशानभूमीतलं लाकूड संपलं होतं. ते स्वतः टेम्पो घेऊन आले, अंगावर घरातला बनियन. पुढे मृत्यूचा दाखलाही त्यांनीच आणून दिला. माझ्या घरातली पाच मतं त्यांना जातात आणि जात राहतील. हे तुमच्या कुठल्या निकालपत्रकात दिसणार?

चावडी
नदीकाठ, तुमच्या वेळेला ते धावून आले हे मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण स्मशानात लाकूड असणं ही नगरपरिषदेची व्यवस्था आहे. ती चालत असती तर रात्री दोनला फोन करावा लागला नसता. नगरसेवकाचं मूळ काम सभागृहात : अंदाजपत्रक, ठेके, कर, विकास आराखडा. एकाच माणसाने दोन्ही केलं तर उत्तमच. पण पहिल्यामुळे दुसरं झाकलं जातं.

नदीकाठ
झाकलं जात असेल. पण व्यवस्था सुधारेपर्यंत मृतदेह थांबतो का?

सभालिपिक
दोघांचंही बरोबर आहे. भांडू नका. मी दोन्ही प्रकारचे सदस्य पाहिलेत. रात्री गटार उपसायला उभा राहणारा आणि सभेत विषयपत्रिकेचं पाकीटही न फोडणारा. आणि उलट, अंदाजपत्रकातला प्रत्येक लेखाशीर्ष पाठ असणारा, पण वॉर्डात चेहरा माहीत नाही म्हणून पडणारा. दुसऱ्या प्रकारातले फार थोडे परत निवडून आले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

उंबरठा
मी एकदा निवडून आलेली नगरसेविका आहे, २०११ ते २०१६. पुढच्या सोडतीत जागा सर्वसाधारण झाली आणि मला सांगण्यात आलं, "ताई, आता तुमचं आरक्षण नाही." सर्वसाधारण जागेवर बाई उभी राहू शकते, हे मीच त्यांना समजावत बसले. तिकीट मिळालं नाही. त्यामुळे माझी 'निवडणूक कारकीर्द' एका ओळीत संपते : एक विजय.

पण त्या पाच वर्षांत काय झालं? पहिल्या सर्वसाधारण सभेत एक विषय आला. मला तो पटला नव्हता. मी तसं बोलले, दोघीतिघींनी माना डोलावल्या. पुढच्या सभेत आधीच्या सभेचं इतिवृत्त, म्हणजे कामकाजाची नोंद, कायम करायला आलं आणि त्यात लिहिलेलं : 'ठराव सर्वानुमते मंजूर.' मी उभी राहिले आणि म्हटलं, माझा विरोध नावानिशी नोंदवा. सभागृह शांत. शेवटी लिहिलं गेलं. माझ्या हस्ताक्षरातलं विरोधाचं पत्र आजही त्या फायलीत असेल. त्यानंतर मी प्रत्येक सभेला लेखी घेऊन जायला लागले, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोच घ्यायची.

पायरी, तुमच्या काकूंचं नाव 'काकांची चौथी टर्म' म्हणून जाऊ देऊ नका, ही विनंती. निवडून त्या आल्या होत्या, सही त्यांची होती. त्या सभेत बोलल्या की गप्प बसल्या, हे इतिवृत्त बघितल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

शाई
उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दोन प्रती आणि पोच ही गोष्ट यंदा निवडून आलेल्या माझ्या मावशीला लगेच पाठवते.

तळटीप
थोडं अवांतर, पण उंबरठाताईंच्या विरोधावरून आठवलं. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य १८७६पासून काही वर्षं होते. सरकारनियुक्त सदस्य, लोकांनी मत देऊन निवडलेले नव्हेत. म्हणजे निवडणुकीच्या तक्त्यात त्यांच्यापुढे शून्य. पण व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर नगरपालिकेचा पैसा खर्च करायचं ठरलं तेव्हा फुल्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. शहरात मोठी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. आज तीच मंडई त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्या काळात सभागृहात काय झालं हे आपल्याला कळतं ते कामकाजाच्या नोंदींमुळे.

चावडी
छान आठवण. सरदार वल्लभभाईसुद्धा १९२४ ते १९२८ अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते, नेहरू त्याच सुमारास अलाहाबादला. तेव्हा 'नगरपिता' म्हणायचे. 'नगरसेवक' हा शब्द नंतर रुळला आणि मला तोच आवडतो.

कोरा कागद
परत धाग्यावर येतो. पायरी, काका कधी नगराध्यक्ष होते का? असतील तर तिथेही जपून. २००१ला नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडले, २००६ आणि २०११ला नगरसेवकांनी आपल्यातून, २०१६ला पुन्हा थेट. २०२०मध्ये कायदा बदलून परत नगरसेवकांतून करायचं ठरलं, २०२२मध्ये ते फिरवून पुन्हा थेट, आणि २०२५ची निवडणूक थेट झाली. नगरसेवकांतून निवडायच्या काळात मुदत अडीच वर्षांची. त्यातही आपसात वाटून घ्यायचे, सव्वा वर्ष तुझं, सव्वा माझं. त्यामुळे 'माजी नगराध्यक्ष' या दोन शब्दांमागे पाच वर्षं असतील किंवा आठ महिने.

पायरी
नाही, ते कधी नगराध्यक्ष नव्हते. पाणीपुरवठा समितीचे सभापती होते.

रानवाट
पक्ष कुठला होता ते विचारतच नाहीये कोणी! आमच्याकडे एकाच माणसाच्या चार निवडणुका, चार चिन्हं. तेही लिहायला हवं ना?

तळटीप
लिहायला हवंच, पण शिक्का मारण्याच्या सुरात नको. छोट्या गावात लोक 'शहर विकास आघाडी' सारख्या नावांनी लढतात, कारण पक्षांच्या भांडणापेक्षा गल्लीतली समीकरणं मोठी असतात. दर निवडणुकीला नवं चिन्ह घेऊन लोकांसमोर जाणं आणि निवडून आल्यावर मधेच उडी मारणं, या दोन वेगळ्या गोष्टी. दुसऱ्यासाठी १९८६चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता (अपात्रता) कायदा आहे. तो आघाड्यांनाही लागू होतो आणि नगरपरिषदेच्या बाबतीत निर्णय जिल्हाधिकारी देतात. अपक्ष म्हणून निवडून येऊन नंतर पक्षात गेलं तरी सदस्यत्व जातं. काकांवर असं काही प्रकरण झालं असेल तर कागद असणारच. नसेल तर नुसती चिन्हं आणि सालं द्या.

शाई
बिनविरोध निवडून आले असतील तर ते कसं मोजायचं?

सभालिपिक
वेगळं लिहायचं : 'बिनविरोध'. तिथे मतदानच होत नाही, त्यामुळे लोकांचा कौल किती हे कळायला मार्ग नाही. राज्य निवडणूक आयोगाने २०१३पासून स्थानिक निवडणुकीत 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय दिला, आणि २०१८मध्ये ठरवलं की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. पण मतदानच नसेल तर नोटाचं बटण दाबणार कुठे? काही ठिकाणी खरोखरच सगळ्यांचं एकमत असतं. काही ठिकाणी अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी कार्यालयाबाहेर ज्या गाड्या उभ्या असतात, त्या मी पाहिल्या आहेत.

पायरी
मंडळी, महिन्याभराने परत आलोय. सगळं सांगतो.

निवडणुकांचे कागद नगरपरिषदेकडून मिळाले, सत्तावीस पानं. घरच्यांकडेही गेलो. काकूंनी कपाटाच्या वरच्या खणातली एक खादीची पिशवी काढून दिली. आत काकांनी जपलेले मतमोजणीचे कागद. फुलस्केपवर निळ्या बॉलपेनने आखलेले रकाने, मतदान केंद्राचा क्रमांक, शेजारी सगळ्या उमेदवारांची मतं, खाली बेरीज आणि बेरजेवर पुन्हा एकदा टिकमार्क.

पाचांचा हिशेब असा निघाला. १९९६ विजय. २००१ विजय. २००६ पराभव, ४१ मतांनी, आणि त्यानंतर स्वीकृत सदस्य. २०११ काकूंचा विजय. २०१६ काकांचा विजय. म्हणजे काका स्वतः उभे राहून तीनदा निवडून आले. सभालिपिककाका, तुम्ही सांगितलेले तिन्ही प्रकार एकाच घरात सापडले.

२००६बद्दल गल्लीत एकच गोष्ट सांगतात, की जवळच्या माणसांनी दगा दिला. घरातही तेच बोलतात. काकांच्या कागदावर वेगळं दिसतं. जुन्या वॉर्डातल्या दोन्ही केंद्रांवर ते पुढे होते. नाल्यापलीकडच्या वसाहतीचं केंद्र त्या वर्षी पहिल्यांदा वॉर्डात आलं होतं, तिथे ते मागे पडले. त्या ओळीशेजारी काकांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय : 'येथे गेलो नाही.' बास. तीन शब्द. वीस वर्षं गल्ली ज्यांना दगाबाज म्हणते आहे, त्या माणसांची मतं त्या कागदावर काकांच्याच रकान्यात पडलेली दिसतात. मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो होतो.

नदीकाठ
पायरी, मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. हे छापाच. त्या माणसांसाठी तरी.

कोरा कागद
'येथे गेलो नाही.' अशी नोंद ठेवणारा माणूस मला भेटायला आवडला असता. २०१६ला ती वसाहत त्यांच्या प्रभागात होती का?

पायरी
होती. २०१६च्या कागदावर त्या केंद्रावर ते पुढे आहेत. मधल्या काळात रोज सकाळी नाल्याच्या पुलावरून पलीकडे फिरायला जायचे, ते आम्हाला व्यायाम वाटायचा.

उंबरठा
आणि काकू?

पायरी
ताई, तुमच्यामुळेच मी २०११ ते २०१६ची इतिवृत्तं बघायला मागितली. सगळी अजून वाचून झालेली नाहीत. पहिल्या वर्षात काकूंचं नाव फक्त उपस्थितांच्या यादीत आहे. दुसऱ्या वर्षापासून 'सूचक' म्हणून यायला लागतं. कन्याशाळेच्या स्वच्छतागृहाला स्वतंत्र नळजोडणी, हा विषय त्यांनी तीन सभांत मांडला. दोनदा 'पुढील सभेत घ्यावा', तिसऱ्यांदा मंजूर. माझी बहीण त्याच शाळेत होती. ते नळ तिने वापरलेत आणि आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं की ते कोणामुळे आले.

काकूंना ठरावाची प्रत नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं नाव दोनदा वाचलं. म्हणाल्या, "हे लिहून ठेवलं होतं त्यांनी? मला वाटलं नुसतं बोलणं झालं."

सभालिपिक
बाळ, तो ठराव ज्याने कोणी लिहिला असेल त्याच्या वतीने मला भरून आलं. आम्ही लिहीत राहायचो आणि ती कपाटं कोणी उघडायचं नाही.

चावडी
मग मथळ्याचं काय ठरलं? 'सलग पाच वेळा' तर गेलं.

पायरी
मथळा काकूंनीच सुटसुटीत केला. काकांच्या पानावर : 'नगरसेवक १९९६, २००१, २०१६, स्वीकृत सदस्य २००६च्या निवडणुकीनंतर, पाणीपुरवठा समितीचे सभापती.' ४१ मतांचा पराभव मजकुरात येणार आहे आणि पेन्सिलीच्या ओळीचा फोटोही. मुलगा आधी नाखूश होता. काकू त्याला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी तो कागद फाडला नाही, मग आपण का लपवायचा?"

संपादकांनी एक पान दिलं होतं. मी दोन मागितली आहेत. दुसरं काकूंच्या नावाचं, २०११ ते २०१६.

तळटीप
२००१ आणि २००६च्या वॉर्डांचे नकाशे मिळाले तर शेजारी शेजारी छापा. आणि ती खादीची पिशवी घरी परत जाण्याआधी सगळे कागद स्कॅन करून वाचनालयात एक संच ठेवा.

पायरी
रविवारी स्कॅन करायला बसतोय. पेन्सिलीची अक्षरं फिकट आहेत, कोणाला चांगल्या स्कॅनरचा अनुभव असेल तर सांगा.